रिझर्व सोडून

इस्तारी वलथरेची लुना तीन इंधनांवर चालायची:
पेट्रोल, पाय आणि गोठणगावचा उतार.

पहाटे चारला बाबा तलावावरून मासोळी उचलायचे.
मागे दोन क्रेट, बर्फ, गोणपाट, तराजू,
आणि शाळेला सुट्टी असली की त्या सगळ्यावर मी,
पाय वर घेऊन, कारण सायलेन्सर पोळायचा.
आधी पायडल. ते सगळं बिऱ्हाड बांधावरून हलवायला
एक जोरकस रेटा, दाताखाली ओठ.
मग इंजिन खोकलायचं.
उतार लागला की बंद.
नुसता वारा, साखळीची किरकिर,
बर्फाचं पाणी माझ्या पोटरीवर.
आणि उतार संपता संपता, गाडी सर्वांत जास्त पळतेय
नेमकी तिथेच ते पुन्हा मूठ पिळायचे.
"चढावर काहून नाही देत?"
"चढावर देल्लं त चढच खाते थे.
पयत्या गाडीले देल्लं त गाडी खाते."

हे वाक्य मला एकवीस वर्षांनी
एका थंडगार खोलीत, समीकरणात भेटलं.
मी ओळख दाखवली नाही.

तिथे आम्ही एक यान पाठवत होतो,
लोखंडी कपाटाएवढं,
एका दगडाकडे, ज्याला नाव नाही, नुसता नंबर आहे.
नुसत्या रसायनावर न्यावं तर टाकीच यानाहून जड.
नुसत्या विजेवर न्यावं तर पृथ्वीच्या विहिरीतून
वर यायलाच वर्ष जाईल
आणि वाटेतच सोलर पत्रे म्हातारे होतील.
म्हणून दोन्ही. आधी अगदी खाली, अगदी वेगात असताना
अकरा मिनिटं धडधडून जाळायचं.
मग झेनॉनची निळी फुंकर, सातशे दिवस.

"जोर केवढा तिचा?" बाबांनी विचारलं.
मे महिना. आई तेंदूपानांचे पुडे बांधत होती,
सत्तर पानांचा एक.
मी ढिगातली पाच पानं घेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली.
"एवढा."
त्यांनी हात जरासा वरखाली केला. हसले नाहीत.
"सातशे दिवस?"
"रात्रंदिवस."
"मंग होते. थांबली नाही त होते."
आईने पानं परत घेतली, पुडा अपुरा पडत होता.

खरं तर सगळं जुळत नाही.
वर रस्ता नाही, रस्त्याचं घासणं नाही,
आणि थांबण्यासाठी लुनाला
अर्ध्या वाटेत तोंड फिरवून उलटं फुंकत बसावं लागत नाही.
हे बाबांना पटेना. "ब्रेक नाही लावला का?"
लावला, पण तिथे ब्रेकलाही पेट्रोलच लागतं.
दगडाजवळ गेल्यावर पुन्हा रसायन, थोडंसं,
शेवटच्या दोन-चार ढकलांना.
ते गप्प राहिले. मग म्हणाले,
"रिझर्व किती हाये?"

कॅमेरेवाल्यांना नऊ किलो वाढवून हवे होते.
माझ्या तक्त्यात कुठूनच नऊ निघत नव्हते, म्हणून मी
सगळ्यांत शेवटच्या रकान्यातून
साडेतीन आधीच देऊन बसले होते.
"आहे ना," म्हटलं. "हिशेबात धरलाय."

बाबा उठून लुनाजवळ गेले.
ती आता चालत नाही, तिच्यावर कोंबड्या बसतात.
एकीला हुसकून ते वाकले, टाकीखालचा कॉक चाचपला.
"रिझर्व हिशेबात धरतेत का कोनी?
बर्फ इतळला, गिराईक नाही,
केशोरीच्या पुढं रात झाली, वरतून पंक्चर,
मंग फिरवाचा हा."
फिरवला, आणि परत बंद केला,
टाकी दहा वर्षं कोरडी, तरी सांडेल म्हणून.

नागपूरहून माझी गाडी रात्रीची होती.
फलाटावर बसून मी कॅमेरेवाल्यांना कळवलं:
साडेतीन किलो परत घेतेय.
खाली कारणाचा रकाना होता.
'बर्फ वितळला' लिहिलं, खोडलं.
'केशोरीच्या पुढे रात्र' लिहिलं.
तेही खोडलं
आणि रकाना कोरा ठेवून पाठवून दिलं.